आधी लोहाराची भट्टी, मग जहांगीर

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या स्मरणचित्रात ‘कुंभारवाडा’ हा विषय आला, की पेपर तपासणाऱ्याला एकच कुंभार पुन्हा पुन्हा भेटतो. डोक्याला लाल मुंडासं, समोर चाक, चाकावर गोलमटोल माठ, मागं कौलारू घर आणि कोपऱ्यात नारळाचं झाड. आता धारूर-पाटोद्याच्या बालाघाटात हे नारळाचं झाड कुठून आलं? गाईडातून आलं. मुलानं गाईडातला कुंभार पाठ केला, कारण गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या खऱ्या कुंभाराकडे तासभर बसून ये, असं त्याला कुणी सांगितलंच नाही.

बीड जिल्ह्यात मुंबईच्या जहांगीरसारखं कलादालन नाही, हे खरं. म्हणून चित्रकला शिकणाऱ्या पोरांनी मुंबई बघेपर्यंत डोळे मिटून बसावं असं काही नाही. हा लेख आठवी ते बारावीच्या आणि नुकत्याच एटीडी किंवा बीएफएला लागलेल्या मुलामुलींसाठी आहे. कुठं जायचं, काय बघायचं, तिथं कसं वागायचं, एवढंच यात सांगायचंय. क्रम मात्र मी नेहमीच्या उलट लावलाय. शाळा आधी संग्रहालय दाखवतात आणि कारागिराकडे जायचं राहूनच जातं. माझं म्हणणं असं, की वस्तू घडताना आधी बघा; घडलेली, काचेतली नंतर. ज्यानं लोखंड लाल होताना पाहिलंय, तो संग्रहालयातल्या अडकित्त्यासमोर जरा जास्त वेळ थांबतो. याची खीळ कशी बसवली असेल, पातं कुठं ठोकून पातळ केलं असेल, हे शोधायला लागतो. ज्यानं पाहिलेलं नाही तो ‘जुना अडकित्ता’ असं वाचून पुढच्या कपाटाकडे जातो.

गावातल्या गावात

बीड शहराची जुनी ख्याती छागल आणि गुप्तीसाठी. छागल म्हणजे पाण्याची कातडी पिशवी आणि गुप्ती म्हणजे काठीत लपवलेलं पातं. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरात दोन्हींची नोंद आहे. आज त्यांची दुकानं शोधत फिरू नका. पण लोखंडाचं काम जिल्ह्यातून गेलेलं नाही. दरवर्षी इथून लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात आणि प्रत्येकाच्या हाती कोयता असतो. गावोगावचे लोहार अजूनही कोयते घडवतात, जुने पाजवून देतात. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात, त्यामुळे त्याआधीचे काही आठवडे भट्टीला उसंत नसते. काम बघायचं तर तेव्हा जा, पण गुपचूप एका कडेला उभं राहायची तयारी ठेवा. गप्पा मारायच्या असतील तर श्रावणातच एक चक्कर टाका.

भट्टीपाशी गेलात की आधी अंधाराकडे लक्ष द्या. लोहाराची जागा सावलीची, काळोखी असते, त्याला कारण आहे. तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात कळत नाही. गडद लाल, मग चेरीसारखा लाल, मग नारिंगी, मग पिवळट. घण कधी मारायचा आणि कधी पुन्हा निखाऱ्यात सारायचं, हे तो या रंगांवरून ठरवतो. त्याच्याकडे तापमान मोजायचं यंत्र नसतं, डोळे असतात. धारेला पाणी देतानाचा प्रकार तर रंगपेटी घेऊन बसणाऱ्या प्रत्येकानं बघावा. लाल झालेली धार पाण्यात बुडवतात, चर्रर्र आवाज होतो, मग ती घासून थोडी चकचकीत करतात. पात्याच्या जाड भागात उरलेली ऊब हळूहळू धारेकडे सरकते आणि तिच्याबरोबर रंग सरकतात: आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. हव्या त्या रंगाला गाठून जाणता लोहार पातं पुन्हा पाण्यात घालतो. उशीर झाला तर धार मऊ पडते. घाई झाली तर ती ठिसूळ राहते आणि तुकडा उडतो. हे सगळं काही क्षणांत उरकतं, म्हणून मोबाइल खिशात ठेवून बघा.

चित्र काढायचं तर ज्वाळा काढत बसू नका, हात काढा. डाव्या हातातली सांडशी, उजव्या हातातला हातोडा, समोर घण मारणारा दुसरा माणूस आणि दोघांच्या मधली ऐरण. घण मारणाऱ्याचा मागचा पाय कुठं टेकलाय ते नीट पाहा. सगळा जोर तिथून येतो. भात्याच्या जागी आता पुष्कळ ठिकाणी विजेचा पंखा आलाय. पंखा असेल तर पंखाच काढा. चित्र ‘पारंपरिक’ दिसावं म्हणून मनानं भाता जोडलात, तर तुमचा लोहारही गाईडातला झाला म्हणून समजा.

कुंभाराकडे जायची वेळ सणांवर बेतलेली असते. संक्रांतीची सुगडी, उन्हाळ्याचे माठ, अक्षय्य तृतीयेचे करा-केळी, पोळ्याचे बैल, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या. सणाच्या दोन-तीन आठवडे आधी गेलात तर काम चालू सापडतं आणि विक्रीची धांदल नसते. पावसाची झड लागली असेल तेव्हा जाऊ नका, कारण कच्चा माल वाळत नाही आणि आवा, म्हणजे कुंभाराची भट्टी, पेटवता येत नाही. तिथं गेल्यावर पहिल्यांदा लक्षात येईल, की माठ चाकावर पुरा होतच नाही. चाकावरून दोऱ्यानं कापून उतरवतात तो जाड बुडाचा, आटोपशीर नग असतो. तो थोडा सुकला की आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापीनं ठोकत ठोकत त्याचं पोट फुगवतात, बूड गोल करतात. म्हणजे गाईडातल्या कुंभाराच्या चाकावर जो गोल बुडाचा तयार माठ फिरतोय, तो तिथं असूच शकत नाही. परीक्षकानं कधी थापी धरलेली पाहिली असेल, तर तुमच्या चित्रातला अर्धा सुकलेला माठ आणि त्यावर पडणारी थापी त्याच्या लगेच नजरेत भरेल.

आता वागण्याचं. कारागिराची जागा हे त्याचं पोट आहे आणि बहुधा घरही. अचानक टपकू नका. ओळखीच्या माणसाकरवी किंवा फोन करून वेळ विचारून घ्या. चार-पाच जणांपेक्षा जास्त नको. साठ मुलांची सहल कुंभारवाड्यात नेणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे की तसं करू नका. मागच्या रांगेतल्यांना काही दिसत नाही आणि पुढच्या रांगेतला कुणीतरी ओल्या पणत्यांवर पाय देतो. चाकाजवळ जाताना चपला काढा, चाक ओलांडू नका, कुंभाराला ते देवाच्या ठिकाणी असतं. वाळत घातलेल्या नगाला हात लावू नका. माती मध्यावर येत असते तेव्हा प्रश्न विचारू नका. चहाला हात रिकामे झाले की विचारा. काका, मामा, मावशी असं जे तुमच्या गावात म्हणतात ते म्हणा, ‘ओ भट्टीवाले’ नको. फोटोआधी परवानगी घ्या, बायकांच्या आणि लहान मुलांच्या बाबतीत तर हटकून. रील टाकणार असाल तर टाकण्याआधी त्यांना दाखवा.

‘एवढ्यात भागतं का हो?’ हा प्रश्न आपल्याकडे फार लवकर विचारला जातो. कळवळा खरा असला तरी पहिल्या भेटीत तो ऐकणाऱ्याला टोचतो. त्यापेक्षा माती कुठल्या तळ्यातली, तीत राख मिसळता की लीद, आवा लागला हे कशावरून कळतं, असं विचारा. सगळ्यांत चांगला प्रश्न एकच: बिघडलेला नग दाखवता का? या प्रश्नावर गप्प माणूसही बोलता होतो. तडा कुठून गेला, कुठं घाई झाली, वारं कसं फिरलं, हे सगळं तो फुटक्या माठावर बोट ठेवून सांगेल. निघताना सांगितलेल्या किमतीला काहीतरी विकत घ्या. तासभर कुणाचा वेळ खाऊन शेवटी पणत्यांवर पाच रुपयांसाठी घासाघीस करणं बरं दिसत नाही. आणि पुढच्या खेपेला काढलेल्या चित्राची किंवा फोटोची छापील प्रत नेऊन द्या.

गणपतीच्या कारखान्यात आषाढ-श्रावणात जा आणि रंगकामापेक्षा डोळ्यांच्या आखणीसाठी थांबा. साच्यातून शंभर मूर्ती सारख्या निघतात. त्या वेगळ्या होतात त्या आखणीत, आणि ते काम कारखान्यातला मुरलेला हातच करतो. वर्गात बंजारा तांड्यावरची मैत्रीण असेल तर तिच्या आजीची जुनी फेटिया-कांचळी (घागरा-चोळी) बघायला मिळते का ते विचारून पाहा. आरसे, कवड्या आणि टाक्यांची ती भरगच्च मांडणी संकल्पचित्राच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवते. फक्त ‘केवढ्याला देता?’ असं विचारू नका.

तिकीट नसलेली दालनं

बीड शहरातलं कंकालेश्वर मंदिर कुंडाच्या मधोमध उभं आहे. बीडकरांना त्याची इतकी सवय झालेली असते, की बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती सावकाश पाहिलेला माणूस विरळा. भर दुपारी जाऊ नका. डोक्यावरचं ऊन शिल्प सपाट करून टाकतं. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर तिरपा उजेड पडतो तेव्हा दगडातली घडी आणि घडी उठून येते. मंदिराचा तळ सरळ चौकोनी नाही, त्याला कोन फुटत जातात. बाहेरून चालत फिरताना प्रत्येक कोनावर सावली कशी मोडते, एवढं जरी वहीत उतरवलंत तरी त्या दिवसाचं काम झालं.

परळी तालुक्यात धर्मापुरीचं केदारेश्वर चुकवू नका. उत्तर चालुक्यकाळातलं हे मंदिर आणि त्याच्या बाह्यांगावरच्या सुरसुंदरी, या जिल्ह्यातल्या चित्रकाराला मानवाकृतीचा धडा देतात: कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे, मान तिसरीकडे, तरी तोल ढळलेला नाही. सगळ्या काढायला जाऊ नका. एक निवडा आणि तिच्यासमोर बसा. खुद्द अंबाजोगाईत हत्तीखाना नावानं ओळखली जाणारी लेणी आहेत, अंगणात दगडी हत्ती आहेत. मोठा आकार कागदावर बसवताना मुलांचा हात आखडतो, तो सैल करायला हे हत्ती फार उपयोगी. देवळात भाविकांची वाट अडवून बसू नका. शिल्प नीट दिसावं म्हणून त्यावर खडू किंवा तेल फिरवायचा अघोरी प्रकार तर कधीच करू नका, आणि कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेणंही नको.

अंबाजोगाईचाच आणखी एक ठेवा चित्रकलेच्या मुलांना सहसा कुणी सांगत नाही, कारण तो मराठीच्या तासाला येऊन जातो. संतकवी दासोपंतांची पासोडी. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. त्यांनी ‘पंचीकरण’ हा विषय चक्क एका लांबलचक जाड्याभरड्या कापडावर लिहून काढला. कापडाची लांबी सुमारे चाळीस फूट, रुंदी चार फुटांच्या आसपास. अक्षरलेखन म्हणजे भूमिती-अक्षरलेखनाच्या पेपरात पट्टीनं आखलेल्या रेघांत बसवायची अक्षरं, अशी समजूत असेल तर ती इथं मोडेल. चाळीस फुटांचा मजकूर मांडायचा म्हणजे आधी मनात केवढा आराखडा हवा! ही संग्रहालयातली वस्तू नव्हे, परंपरेनं जपलेली आहे. म्हणून गावातल्या जाणत्या माणसामार्फत आधी विचारा, आणि नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका.

जिल्ह्याच्या वेशीवर

केज-अंबाजोगाईकडच्या मुलांनी मुंबई-पुण्याआधी तेर गाठावं. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारं नगर. आणि गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं गाव. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातल्या मातीच्या बाहुल्या आहेत. पांढरट बारीक मातीच्या, साच्यातून काढलेल्या. पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, मग दोन्ही जोडून आतून पोकळ ठेवलेल्या. कडेला जोडाची रेघ दिसते का ते शोधा. महिनाभर आधी गावातल्या कुंभाराकडे बसून आलेल्या मुलाला ही रेघ चटकन सापडते, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला जोड नीट घासायला वेळ मिळाला होता की नाही, हेही तो सांगू शकतो. गावातलं त्रिविक्रमाचं विटांचं मंदिर त्याच फेरीत होतं.

गेवराईकरांना पैठण हाताशी आहे. तिथं महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळाचं पैठणी केंद्र आहे, हातमाग बघायला मिळतात. पैठणीचा पदर विणताना नक्षीतल्या प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते. विणकर ताण्याचे धागे मोजतो, तेवढ्यातून ती कांडी नेतो, शेजारच्या रंगात अडकवतो आणि परत आणतो. त्यामुळे मागच्या बाजूला सुटे धागे लोंबत नाहीत, पदर दोन्हीकडून सारखा दिसतो. खरी हातमागाची पैठणी ओळखायची पहिली खूण हीच, घरच्या लग्नातही कामी येईल. मोराच्या मानेचा बाक तुम्ही ब्रशनं एका फटक्यात काढता. इथं तो पायरी पायरीनं चढवावा लागतो. वहीत चौकटीच्या कागदावर तो बाक उतरवून बघा, म्हणजे विणकराची अडचण कळेल. माग जमिनीलगत असतो, काठावर बसू नका, ताण्यावर वाकू नका. केसातली पिन किंवा गळ्यातलं ओळखपत्र धाग्यात अडकलं तर त्याची दुरुस्ती विणकराच्या माथी.

अजिंठा, पण घाईनं नको

शाळेच्या सहलीत अजिंठा, वेरूळ, बीबी का मकबरा आणि पाणचक्की हे सगळं दीड दिवसात उरकतात. हे बघणं नव्हे, हजेरी आहे. बीडहून छत्रपती संभाजीनगर सव्वाशे किलोमीटरच्या पुढं आणि तिथून अजिंठा आणखी शंभर. म्हणून एक मुक्काम धरूनच निघा आणि अजिंठ्याला पूर्ण दिवस द्या. वेरूळ वेगळ्या खेपेला. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. ही साधी गोष्ट न पाहता निघालेल्या गाड्या फर्दापूरहून परत फिरतात. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी ठेवून पुढच्या बसनं लेण्यांपर्यंत जावं लागतं, तेव्हा लेणी उघडायच्या वेळेला तिथं पोचायचं तर मुक्कामाहून पहाटेच निघा.

चित्रांच्या लेण्यांत उजेड मुद्दामच मंद ठेवलेला असतो, कारण प्रखर उजेडानं रंग मरतात. आत शिरल्यावर पहिली काही मिनिटं काही दिसत नाही. त्या वेळी मोबाइलचा पडदा बघितलात की डोळे पुन्हा शून्यावर. शांत उभे राहा, भिंत आपोआप उजळत जाते. पहिल्या लेण्यात सगळे पद्मपाणीसमोर गर्दी करतात आणि निघून जातात. तुम्ही मान वर करा. छतावर छोट्या छोट्या चौकटी आहेत, त्यांत फळं, फुलं, वेली, हंस, हत्ती, बैल. संकल्पचित्राला लागणारं सगळं तिथं आहे: चौकटीत आकार कसा बसवायचा, रिकामी जागा कुठं सोडायची, एकच आकृती पुन्हा काढताना तिला कंटाळवाणी कशी होऊ द्यायची नाही.

रंग मोजके आहेत. गेरूचा तांबडा, मातीचा पिवळा, दिव्याच्या काजळीचा काळा, चुन्याचा पांढरा, हिरव्या मातीचा हिरवा. हे जवळपास मिळणारे. निळा मात्र लाजवर्दाचा, तो अफगाणिस्तानातल्या खाणींकडून आलेला. म्हणून निळा कुठं कुठं वापरलाय आणि कुठं टाळलाय ते शोधा. महाग रंग चित्रकार कसा खर्च करतो ते कळतं. भिंतीवर आधी मातीचा गिलावा, त्यात भुसा, गवत वगैरे मिसळलेलं, वर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर चित्र. जिथं पोपडा निघालाय तिथं हे थर दिसतात. घरची भिंत शेणामातीनं लिंपताना पाहिलेल्या मुलाला ते समजावून सांगावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येऊन राहत आणि भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करत. त्यातल्या बऱ्याच पुढं लंडनला आगीत गेल्या. ज्या उरल्या त्या आज तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मूळ भिंतीवरचं काही पुढं पुसट झालं, तेव्हा या पोरांच्या नकलाच पुराव्याला उरल्या. तुमच्या वहीतल्या नकलेकडेही कुणी पुढं तशा नजरेनं बघेल, असं धरून नक्कल करा. तारीख, लेणं क्रमांक, भिंत कुठली, हे कोपऱ्यात लिहायला विसरू नका.

वेरूळच्या खेपेत दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याला थांबा. चिंध्यांच्या लगद्यातून हातकागद काढायची जुनी कला तिथं टिकून आहे. दोन-चार ताव विकत घ्या आणि एकावर जलरंगाचा ओला फराटा मारून बघा. दुकानातल्या कागदापेक्षा तो पाणी कसं पितो ते कळेल.

पुणे आणि मुंबई

पुण्यात वेळ एकाच जागेला द्यायचा असेल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयाला द्या. डॉ. दिनकर केळकरांनी, म्हणजे ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता करणाऱ्या गृहस्थांनी, आयुष्यभर गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, वज्री, दौती, दरवाजे, वाद्यं गोळा केली आणि सगळा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला. संग्रहाला त्यांच्या अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव आहे. वस्तू वीस हजारांहून जास्त, मांडलेल्या त्यातल्या थोड्या. तुमच्या आजीच्या पानाच्या डब्याचा भाऊबंद तिथं नक्की सापडेल. सगळे मजले पालथे घालण्यापेक्षा एक प्रकार धरा, नुसते अडकित्ते किंवा नुसते दिवे, आणि दहा नमुने काढून या.

मुंबईत काळा घोड्यापाशी सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९५२ साली सुरू झालेलं जहांगीर कलादालन, १९९६ पासूनचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, ज्याला आपल्याकडची मोठी माणसं अजून ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणतात. भायखळ्याला राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, ते बुधवारी बंद. तिथं वेगवेगळ्या धंद्यांतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. लोहार-कुंभाराकडे जाऊन आलेल्यांनी त्या जरूर बघाव्या, आणि चुका काढाव्या.

जहांगीरच्या दारात आपल्याकडची मुलं बिचकतात. आत गारवा, पांढऱ्या भिंती, हळू आवाजात बोलणारी माणसं. आपलं इथं काय काम, असं वाटतं. सरळ आत जा. प्रवेशाला पैसे नाहीत, कुणी काही विचारत नाही. प्रदर्शनं बहुधा मंगळवारी सुरू होऊन पुढच्या सोमवारी संपतात. सोमवारी संध्याकाळी चित्रकार चित्रं उतरवायच्या गडबडीत असतो, तेव्हा मधल्या दिवशी, सकाळी दार उघडल्या उघडल्या गेलेलं बरं. चित्रकार स्वतः दालनात बसलेला असतो, ही या जागेची मोठी सोय. नमस्कार करा, कुठून आलात ते सांगा. ‘यात काय दाखवलंय?’ असं विचारलंत तर तोही कंटाळलेला असतो आणि पाठ केलेलं उत्तर मिळतं. त्याऐवजी चित्राकडे बोट दाखवून विचारा: हा थर आधी लावला की नंतर, ही कड अशी विरघळवली कशी, इथं ब्रश की सुरी? कुंभाराला विचारलं तसंच, एखादं फसलेलं काम कसं सावरलं तेही विचारा.

आधी दालनभर एक फेरी मारा, काही न लिहिता. मग ज्या तीन-चार चित्रांनी पाय अडवले तेवढ्यांकडे परत या. बाकीची सोडून द्या. सगळं आवडायची सक्ती नाही, आणि न आवडलेल्याची कारणं शोधण्यातही शिकण्यासारखं असतं. शेजारची पट्टी नंतर वाचा: नाव, माध्यम, आकार, साल. हात लावायचा नाही, कारण बोटांचं तेल आणि घाम रंगावर राहतो आणि वर्षांनी डाग म्हणून उगवतो. पाठीवरची सॅक पुढं घ्या किंवा बाहेर ठेवा. वळताना तीच चित्राला लागते. संग्रहालयात पेनऐवजी पेन्सिल न्या, फ्लॅश कुठंच नको.

खर्चाचं बघू. मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहेच, शाळेच्या सहलीसाठी एसटीची वेगळी सवलतही असते. मुख्याध्यापकांच्या पत्रानं आगारात चौकशी करा. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीड-अहिल्यानगर रेल्वेही धावू लागली, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या वाटेवर एक टप्पा रुळांवरून करता येतो. मुंबईची सहल परवडत नसेल तर तेर आणि पैठण या वर्षी, बाकीचं पुढच्या वर्षी. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन कधी आहे तेवढं विचारून ठेवा. बीएफएला जायचं मनात असेल तर दोन-तीन वर्षांनी तुमच्याकडून काय अपेक्षा असेल ते त्या भिंतींवर टांगलेलं असतं, आणि काढणारी पोरं तिथंच चहा पीत उभी असतात.

वही एकच ठेवा, भट्टीला तीच आणि जहांगीरलाही तीच. कुंभाराच्या मातीचे डाग पडलेलं पान चित्रकारापुढं उघडायला लाजू नका. दालनाच्या दाराशी अभिप्रायाची वही असते, तिच्यात ‘खूप छान’ लिहून येऊ नका. कुठल्या चित्रापुढं थांबलात आणि का, हे दोन ओळींत मराठीतच लिहा, खाली नाव आणि गाव: शिरूर कासार, वडवणी, जे असेल ते, जिल्हा बीड.